न दिसणे आणि नसणे

अमळनेरला श्रीमंत प्रतापशेठजींनी १९१६ साली स्थापन केलेल्या तत्त्वज्ञान मंदिरात शांकर वेदान्ताचा जो प्रदीर्घ अभ्यास चालला, त्यातून निर्माण झालेल्या एका ग्रंथाचे नावच मुळी ‘अज्ञान’ असे आहे. प्रा. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी मिळून लिहिलेला हा इंग्रजी ग्रंथ १९३३ साली प्रसिद्ध झाला. बोरी नदीच्या काठच्या, कापसाच्या आणि गिरणीच्या या गावी बसून विद्वानांनी अज्ञानावर आपली बुद्धी खर्च करावी, हे परक्याला चमत्कारिक वाटले तरी अद्वैत्याला तसे वाटणार नाही. कारण त्याच्या मते अज्ञान म्हणजे ज्ञानाची केवळ उणीव नसून ते भावरूप आहे, वस्तूला झाकून टाकणारी आवरणशक्ती आणि झाकलेल्या जागी भलतेच काही उभे करणारी विक्षेपशक्ती अशा दोन शक्ती त्याच्या ठायी आहेत. जगताच्या मिथ्यात्वाच्या संदर्भात हा सिद्धान्त कितपत टिकतो, याची चर्चा अधिकारी लोकांनी करावी. मला तो येथे एका लौकिक, आणि उच्चारतानाही जीभ जड व्हावी अशा प्रश्नाकडे न्यावयाचा आहे: निरनिराळ्या देशांत किती बालकांवर लैंगिक अत्याचार होतात हे मोजता येते काय, येत असेल तर कोणत्या प्रमाणाच्या आधारे, आणि त्या मोजणीतून जो आकडा हाती येतो तो नेमका कशाचा असतो?

ज्ञानाची साधने किती, याविषयी आपल्या दर्शनांत एकवाक्यता नाही. परंतु भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती हे प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द आणि अर्थापत्ती यांच्या जोडीला अनुपलब्धी नावाचे सहावे प्रमाण मानतात. जमिनीवर घट नाही, हे आपण कशावरून जाणतो? तो उपलब्ध होत नाही, यावरून. मात्र धर्मराजाध्वरींद्रांच्या ‘वेदान्तपरिभाषे’त या प्रमाणाला जी अट घातलेली आहे, तिच्यातच त्याचे सारे मर्म साठवलेले आहे. नुसती अनुपलब्धी हे प्रमाण नव्हे. ती योग्य अनुपलब्धी असली पाहिजे, म्हणजे ‘वस्तू येथे असती तर ती दिसलीच असती’ असे निःशंकपणे म्हणता आले पाहिजे. लख्ख उजेडात घट दिसला नाही तर तो तेथे नाही. काळोखात दिसला नाही तर त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. त्याचप्रमाणे जी वस्तू स्वभावतःच इंद्रियगोचर नाही, उदाहरणार्थ एखाद्याच्या ठायी असलेला धर्म किंवा अधर्म, तिच्या न दिसण्यावरून तिचा अभाव ठरवणे हा प्रमाद होय.

‘आमच्याकडे असले काही होत नाही’ हे विधान खानदेशातल्या गावच्या ओट्यावर, पुण्याच्या वाड्यात आणि सातासमुद्रापलीकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाच्या दिवाणखान्यात सारख्याच निश्चयाने केले जाते, आणि विधान करणारी माणसे बहुधा प्रामाणिक असतात. त्यांना खरोखरच काही दिसलेले नसते. पण असते तर त्यांना दिसले असते काय, हा पुढचा प्रश्न ती स्वतःला विचारीत नाहीत. ज्या घरात लेकराने तोंड उघडले तर ‘कुठे वाच्यता करू नकोस’ म्हणून त्यालाच दटावले जाते, ज्या समाजात झाकली मूठ सव्वा लाखाची हे व्यवहारज्ञान समजले जाते, त्या घराच्या आणि त्या समाजाच्या न दिसण्याला योग्य अनुपलब्धी म्हणता येणार नाही. प्रस्तुत विषयात जे जे आकडे जगभर छापले गेले आहेत, ते सारे या एका अटीच्या कसोटीवर घासून पाहावे, असे माझे म्हणणे आहे.

या विषयाचे अमेरिकन अभ्यासक डेव्हिड फिंकेलहोर यांनी १९९४ साली अमेरिका व कॅनडा वगळता एकोणीस देशांतील सर्वेक्षणे एकत्र मांडली, तेव्हा बालपणी लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण शेकडा ७ पासून ३६ पर्यंत आणि पुरुषांचे शेकडा ३ पासून २९ पर्यंत पसरलेले आढळले. पुढे २०११ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी १९८० ते २००८ या काळातले २१७ प्रबंध जमेस धरून, नव्व्याण्णव लाखांहून अधिक व्यक्तींविषयीच्या माहितीचा एकत्रित हिशेब केला. त्यात मुलींचे प्रमाण शेकडा १८ आणि मुलांचे शेकडा ७.६ असे निघाले, आणि खंडवार पाहता आशियाचे आकडे सर्वांत खाली आले. एवढेच वाचून थांबणाऱ्या आशियाई वाचकाला आपल्या कुटुंबसंस्थेविषयी धन्यता वाटली असती. पण त्याच प्रबंधात आणखी दोन आकडे आहेत, आणि माझ्या मते साऱ्या विषयाची किल्ली त्यांच्यात आहे. व्यक्तीला स्वतःला विचारले असता दर हजारी १२७ जणांनी ‘होय’ म्हटले. वैद्य, शिक्षक, सरकारी खाती अशा इतरांच्या माहितीवरून मोजले असता ते प्रमाण दर हजारी ४ भरले. काळ तोच, मुलेही त्याच पिढ्यांची; फरक तीसपटींहून अधिक. देशादेशांमधला कोणताही फरक या फरकाच्या जवळपासही येत नाही. म्हणजे जगात सर्वांत मोठी दरी दोन राष्ट्रांच्या आचरणात पडलेली नसून, जे घडले ते भोगणारा आणि त्याची दफ्तरी नोंद करणारा यांच्यामध्ये पडलेली आहे.

हिंदुस्थानापुरते पाहू. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत १९८५ साली झालेल्या एका अभ्यासात तीन स्त्रियांपैकी एकीने आणि दहा पुरुषांपैकी एकाने लहानपणचा असा अनुभव सांगितला होता. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालासाठी महाराष्ट्र धरून तेरा राज्यांतील १२,४४७ बालकांशी बोलणे झाले, आणि त्यांपैकी शेकडा ५३.२२ बालकांनी एका किंवा अधिक प्रकारचा लैंगिक अत्याचार सांगितला. गंभीर स्वरूपाचा अत्याचार सांगणारी बालके शेकडा २०.९० होती. संयुक्त राष्ट्रांच्या युनिसेफने ऑक्टोबर २०२४ मध्ये जे जागतिक अनुमान दिले, त्यात मध्य व दक्षिण आशियातील स्त्रियांचे प्रमाण शेकडा ९ आहे. आणि मे २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०४ देशांची जी तुलना आली, तीत एकट्या भारताचे प्रमाण स्त्रियांच्या बाबतीत शेकडा ३०.८, तर शेजारच्या बांगलादेशाचे शेकडा ९.३. सीमेच्या दोन्ही बाजूंना नदी तीच, भाषा पुष्कळ अंशी तीच, भातशेती आणि भाऊबंदकी तीच. मग नकाशावरची रेघ ओलांडताच माणसाची पापवृत्ती तिपटीने वाढते किंवा घटते, असे कोण मानील?

हे आकडे कोणी लबाडीने रचले आहेत, असे मला सुचवावयाचे नाही. प्रत्येक आकड्यामागे कष्ट आहेत, सचोटी आहे. पण २००७ च्या अहवालात शाळकरी मुलांबरोबर रस्त्यावर राहणारी, मजुरी करणारी आणि संस्थांत वाढणारी मुलेही मुद्दाम निवडलेली होती, आणि बळजबरीने चुंबन घेणे किंवा अश्लील चित्रे दाखवणे यांचाही अत्याचारात समावेश होता. युनिसेफचा आकडा बलात्कार आणि प्रत्यक्ष शारीरिक अतिप्रसंग एवढ्यांचाच आहे. आणि ‘लॅन्सेट’मधील तुलनेत जेथे माहिती अपुरी किंवा मुळीच नाही, तेथे गणिती अनुमानाने रकाना भरलेला आहे. नैयायिकाच्या भाषेत बोलायचे तर कोठे शब्द हे प्रमाण आहे, कोठे अनुमान, आणि तक्ता मात्र एकच. निरनिराळ्या प्रमाणांनी मिळालेले ज्ञान एका ओळीत मांडून त्यावरून राष्ट्रांची प्रतवारी लावणे हे शास्त्राच्या शिस्तीत बसत नाही.

शास्त्र बाजूला ठेवून आपल्या जळगाव जिल्ह्याकडे पाहिले, तर आकड्यांची गफलत माणसांच्या आयुष्यात काय करते हे अधिक स्पष्ट होते. १९९४ साली जळगावात जे प्रकरण उघडकीस आले, आणि ज्यात तरुण स्त्रियांना व शाळा-कॉलेजांत शिकणाऱ्या मुलींना जाळ्यात ओढून, छायाचित्रांचा धाक दाखवून त्यांचे शोषण केले गेल्याचा आरोप होता, त्या प्रकरणाच्या तपासावर अरविंद इनामदार आणि मीरां बोरवणकर यांच्यासारखे अधिकारी होते. त्या दिवसांत पीडित मुलींची संख्या वृत्तपत्रांतून शेकड्यांनी छापली जात होती. प्रत्यक्ष फिर्याद देण्यास पुढे आलेल्या मुली मात्र मोजक्याच निघाल्या, आणि जे खटले उभे राहिले त्यांतले अनेक पुराव्याअभावी टिकले नाहीत. मग त्या मुली किती होत्या? बाजारातल्या बोलण्याप्रमाणे शेकडो, कोर्टाच्या दफ्तराप्रमाणे बोटांवर मोजण्याइतक्या. पहिल्या संख्येला प्रमाण नव्हते. दुसऱ्या संख्येला प्रमाण होते, पण योग्यता नव्हती, कारण त्या काळच्या जळगावात नाव घेऊन उभे राहणाऱ्या मुलीच्या वाट्याला काय येणार हे प्रत्येक आईबापाला ठाऊक होते. आणि वाईट हे की, बिनबुडाच्या मोठ्या आकड्याने निरपराध मुलींनाही होरपळले. जळगावची मुलगी म्हटले की सोयरीक जुळवणारे चौकशीचा सूर बदलत, हे त्या वर्षांत या भागात ज्यांच्या घरी लग्नाच्या मुली होत्या त्यांनी अनुभवले आहे. आवरण आणि विक्षेप यांचे याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही: सत्य झाकले गेले, आणि झाकल्या जागी कुजबूज उभी राहिली.

आता व्याख्येचा प्रश्न. कोणाला बालक म्हणावे, हे ठरल्याखेरीज मोजणी सुरूच होत नाही, आणि हे ठरवणे गणिताचे काम नव्हे, धर्मविचाराचे आहे. १८६० च्या दंडसंहितेने मुलीच्या संमतीचे वय दहा ठरवले; १८९१ साली, एका बाजूला टिळक आणि दुसऱ्या बाजूला आगरकर, रानडे, तेलंग, भांडारकर अशी महाराष्ट्राची विभागणी करणाऱ्या त्या प्रसिद्ध वादानंतर, ते बारा झाले; १९२५ साली चौदा, १९४९ साली सोळा, आणि २०१२ च्या बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या, पॉक्सो या नावाने सर्वांच्या तोंडी बसलेल्या कायद्याने अठरा. कृत्य तेच, वेदना तीच. पण दीडशे वर्षांत प्रत्येक वेळी रेघ पुढे सरकली आणि पूर्वी न मोजलेल्या मुली मोजणीत आल्या. १८९१ च्या वादात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धर्मशास्त्राच्याच वचनांची छाननी करून सुधारणेची बाजू मांडली, ही गोष्ट मला आजही महत्त्वाची वाटते. कारण शास्त्राच्या नावाने मौन पाळणाऱ्यांना शास्त्राच्याच दारात गाठल्याशिवाय इलाज नसतो, हे त्यांनी ओळखले होते. पुढे १९२८ साली सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखाली संमतिवय समिती नेमली गेली, आणि तिने देशभर प्रश्नावली पाठवून, डॉक्टरांच्या, स्त्रियांच्या, शास्त्रीपंडितांच्या जबान्या घेऊन, कोवळ्या वयात पत्नी झालेल्या मुलींची अवस्था सरकारपुढे मांडली. या विषयात देशव्यापी पातळीवर विचारण्याचे धैर्य प्रथम दाखवणाऱ्या चौकशीचे नेतृत्व एका मराठी गृहस्थाकडे होते, हे आपण विसरून गेलो आहोत.

त्या समितीचा प्रश्न खानदेशात संपलेला नाही. २०१९ ते २०२१ मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार धुळे जिल्ह्यातील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी सुमारे शेकडा ४० जणींचे, आणि जळगाव जिल्ह्यात सुमारे शेकडा २८ जणींचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले होते. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०१७ रोजी दिलेल्या निकालानंतर अठरा वर्षांखालील पत्नीशी पतीने केलेला संग हाही कायद्याने बलात्कारच ठरतो. मग आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेली, झोक्यावर बसून सख्यांबरोबर गाणी म्हणणारी सोळा वर्षांची लेक ही अत्याचारग्रस्त बालक म्हणून गणली जावी की नाही? कायदा म्हणतो, होय. ज्या प्रश्नावल्यांतून आंतरराष्ट्रीय आकडे तयार होतात, त्यांत मात्र ‘तुझ्या इच्छेविरुद्ध’ असे शब्द असतात, आणि जिला आपली इच्छा असू शकते हेच कोणी शिकवलेले नाही ती त्यावर ‘नाही’ असे उत्तर देते, आणि तेही खोटे नसते. मी तिला मोजावे या मताचा आहे. तिच्या नवऱ्याला, जो स्वतःही कित्येकदा वीस-एकवीस वर्षांचा पोर असतो, परक्या नराधमाच्या पंक्तीला बसवावे असे मी म्हणत नाही. दोन्ही प्रकार स्वतंत्र रकान्यांत मोजता येतील. पण ज्या तक्त्यात धुळ्याची ही मुलगी कोठेच दिसत नाही, त्या तक्त्याला मी धुळ्याचा तक्ता म्हणणार नाही.

यापुढे शब्दप्रमाणाचा विचार अटळ होतो, कारण या अपराधाला बहुधा दुसरा साक्षी नसतो. कित्येकदा शरीरावर खूण नसते, कागद नसतो. असते ती केवळ एका लेकराची जबानी. वैशेषिकांनी आणि बौद्धांनी शब्दाला स्वतंत्र प्रमाण मानले नाही, त्याला अनुमानात घातले. नैयायिकांनी, मीमांसकांनी आणि वेदान्त्यांनी ते स्वतंत्र मानले. न्यायभाष्यकार वात्स्यायनाने आप्ताचे लक्षण सांगताना ते ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे असे म्हटले, ही आपल्या तर्कशास्त्रातली उदार आणि दूरदृष्टीची गोष्ट आहे: ज्याने वस्तू साक्षात् जाणली आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे तो आप्त, मग त्याची जात कोणतीही असो. वात्स्यायनाच्या या यादीत बालकाचे नाव नाही. पण लक्षण त्याला तंतोतंत लागू पडते. आपल्यावर काय गुजरले हे त्याच्याइतके साक्षात् दुसऱ्या कोणी जाणलेले नसते. व्यवहारशास्त्राने मात्र बालकाला अडचणीच्या वेळचा साक्षीदार मानले; मनुस्मृतीत दुसरा साक्षी नसेल तरच स्त्री, बालक, वृद्ध यांची साक्ष चालेल असे सांगितले आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने हे बंधन काढले आणि प्रश्न समजून सुसंगत उत्तर देऊ शकणारे कोणतेही मूल साक्ष देण्यास पात्र ठरवले. पॉक्सो कायद्याने आणखी पुढचे पाऊल टाकले: मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी घ्यावा, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने घ्यावा, अधिकारी गणवेशात नसावा, आरोपी मुलाच्या नजरेसमोर येऊ नये. या तरतुदींकडे पुष्कळ लोक दयेच्या तरतुदी म्हणून पाहतात. माझ्या मते त्या प्रमाणशास्त्राच्या तरतुदी आहेत; खोलीत उजेड आणण्याचे ते कायदेशीर प्रयत्न आहेत.

कायदा आणि त्याचा अंमल यांतले अंतर महाराष्ट्राने ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात पाहिले. बालवर्गातल्या दोन लहानग्या मुलींवरील अत्याचाराची फिर्याद नोंदवून घेतली जावी म्हणून त्यांच्या पालकांना पोलीस ठाण्यात तासन्तास तिष्ठत बसावे लागले, आणि उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली. अशी प्रत्येक ताटकळ इतर शेकडो घरांना काय शिकवते, याचा विचार करावा. पुढच्या आईबापांनी दाराशी जाण्यापूर्वीच पाऊल मागे घेतले, तर त्या वर्षाच्या सरकारी तक्त्यात गुन्हे कमी झाल्याचे दिसेल. २०२१ साली देशात पॉक्सोखाली ५३,८७४ गुन्हे नोंदले गेले. हा आकडा वाढला की राज्य बदनाम झाले म्हणून ओरड होते आणि घटला की गृहखाते समाधान मानते. दोन्ही प्रतिक्रिया अस्थानी आहेत, कारण नोंदींची वाढ ही कित्येकदा लेकरांचा आणि त्यांच्या आयांचा ठाण्यावरचा विश्वास वाढल्याची खूण असते. ऑस्ट्रेलियात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत सोळा वर्षांवरील शेकडा २८.५ व्यक्तींनी बालपणीचा लैंगिक अत्याचार सांगितला. तो देश आपल्या कित्येक पटीने भ्रष्ट आहे म्हणून हे घडले असे नाही; तेथे शाही आयोगाने पाच वर्षे बसून आठ हजारांवर माणसांना बंद खोलीत एकेकटे बोलावून ऐकले होते, त्यामुळे बोलण्याची लाज थोडी कमी झाली होती.

विचारण्याची रीत हा त्या उजेडाचाच भाग आहे. ‘तुमच्यावर कधी अत्याचार झाला काय?’ असा एकच ढोबळ प्रश्न विचारला तर थोडे लोक होकार देतात. ‘अमुक वयाच्या आत कोणी तुमच्या अंगाला अशा अशा रीतीने हात लावला काय?’ असे कृत्यवार, एकामागून एक प्रश्न विचारले तर होकार वाढतात, हे फिंकेलहोर यांच्यापासून सर्व अभ्यासक सांगत आले आहेत. समोरासमोर विचारणे, कागदावर लिहून घेणे आणि यंत्रावर एकट्याने उत्तर देऊ देणे, यांनीही फरक पडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हिंसाचाराविषयीचे प्रश्न घरातल्या एकाच स्त्रीला आणि तेही एकांत मिळाला तरच विचारण्याचा दंडक आहे. दंडक उत्तम आहे. पण अमळनेर तालुक्यातल्या एखाद्या दोन खणांच्या घरात, जेथे सासू उंबऱ्यावर निवडणटिपण करीत बसलेली असते आणि अहिराणी बोलणाऱ्या सुनेला पाहुणी बाई पुस्तकी मराठीत प्रश्न विचारते, तेथे एकांत ही किती दुर्मीळ चीज आहे हे ज्यांनी ती घरे पाहिली आहेत त्यांना सांगायला नको.

मुलग्यांविषयी तर आपले मौन अधिकच दाट आहे. २००७ च्या अहवालात अत्याचार सांगणाऱ्या बालकांत मुलगे शेकडा ५२.९४ होते, मुलींहून अधिक. तो आकडा वाचून अनेकांनी अविश्वास दाखवला. पण गोव्यात मडगाव येथे १९९१ साली अनाथ मुलांच्या आश्रयस्थानाच्या आडून चाललेला जो भयंकर प्रकार उघडकीस आला आणि ज्यात १९९६ साली चालकाला जन्मठेप झाली, त्यातली मुले मुलगेच होती; आणि २०१२ पर्यंत आपल्या कायद्याला मुलग्यावरचा बलात्कार हा बलात्कार म्हणून ठाऊकच नव्हता. कायद्याच्या भाषेत ज्याला जागा नाही, त्याची नोंद कोणत्या दफ्तरात होणार?

एक आक्षेप असा घेतला जातो, आणि तो हलक्या मनाने बाजूला सारण्यासारखा नाही, की एका बालकाचे दुःख हे अखिल, अविभाज्य असते, ते दुसऱ्याच्या दुःखात मिळवता येत नाही, म्हणून शेकडेवारीची ही भाषाच मुळी अपमानकारक आहे. एक घटना घडली तरी ती पुरेशी आहे. दुःखांची बेरीज होत नाही, हे मला मान्य आहे. पण मोजणी दुःखांची करावयाची नसते, माणसांची करावयाची असते, आणि माणसे मोजल्यावाचून राज्य चालत नाही. किती विशेष न्यायालये हवीत, किती समुपदेशक नेमावेत, शिक्षकांच्या प्रशिक्षणाला किती रक्कम मंजूर करावी, याची तजवीज तालुकावार आकड्यांवरूनच होते. ‘एकही पुरेशी’ असे म्हणणारा समाज बहुधा त्या एकीसाठीही काही करीत नाही, कारण ती एक अपवाद म्हणून सोडून देता येते. संख्या तिला अपवाद राहू देत नाही. धर्मसंस्थांच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. फ्रान्समधील कॅथलिक धर्माधिकाऱ्यांनी २०१८ साली स्वतःच एक स्वतंत्र आयोग नेमला. आयोगाकडे आपण होऊन संपर्क साधणारे साडेसहा हजारांच्या आसपास होते, पण सुमारे अठ्ठावीस हजार नागरिकांची नमुना पाहणी करून आयोगाने २०२१ साली काढलेले अनुमान, १९५० पासून धर्मगुरूंच्या हातून पीडित झालेल्या बालकांचे, दोन लाख सोळा हजार निघाले. पहिल्या संख्येवर थांबले असते तर काही वाट चुकलेल्या व्यक्तींचा दोष म्हणून प्रकरण मिटले असते. दुसऱ्या संख्येने संस्थेलाच जाब विचारला. आपल्याकडच्या मठांनी, आश्रमशाळांनी, वसतिगृहांनी आणि संप्रदायांनी असा आयोग आपण होऊन नेमल्याचे उदाहरण मला आठवत नाही, आणि याचे मला मनापासून दुःख होते. कारण पाप-पुण्याचा हिशेब ठेवण्याची भाषा जी संस्था रोज बोलते, तिने आपल्याच छपराखालचा हिशेब टाळावा, यात धर्माचीच हानी आहे.

शेवटी एक पेच आहे, आणि तो सुटत नाही. पॉक्सो कायद्याच्या एकोणिसाव्या कलमाप्रमाणे अशा अपराधाची माहिती ज्याला कळेल त्याने ती पोलिसांना दिलीच पाहिजे. न देणे हा अपराध आहे. कलमाचा हेतू उघड आहे: आजवर ज्यांनी ज्यांनी ठाऊक असून तोंड मिटले, त्यांचे मौन मोडावे. परंतु मोजणी करणारा अभ्यासक शाळेत जाऊन मुलांना विचारू लागला, तर त्याला गुप्ततेचे वचन देता येत नाही. वचन दिले तर ते खोटे, आणि न दिले तर उत्तर मिळत नाही. २००७ ची पाहणी हा कायदा येण्यापूर्वीची होती. आज तशी पाहणी जशीच्या तशी करणे सोपे नाही. म्हणून जगभरचे अनेक अभ्यासक, आणि संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांतील निर्देशकही, अठरा ते एकोणतीस वर्षांच्या प्रौढांनाच त्यांच्या बालपणाविषयी विचारतात. मला ही वाट योग्य वाटते. ज्या मुलाला लगेच आधार देण्याची सोय आपल्याजवळ नाही, त्याच्या तोंडून केवळ आकड्यासाठी ते शब्द काढून घेणे हे मी ज्ञानाच्या नावाखालीही समर्थनीय मानीत नाही. मात्र या वाटेचा अर्थ असा की, कोणत्याही देशाचा कोणताही आकडा एका पिढीपूर्वीचा असतो. अमळनेरात आज दहा वर्षांची असलेली मुलगी त्यात यायला निदान आठ वर्षे जावी लागतात.

तोपर्यंत तिच्या बाबतीत शब्दप्रमाण कोणापाशी पोचणार? तत्त्वज्ञान मंदिरात काही काळ राहून साने गुरुजी १९२४ साली याच गावच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि छात्रालयातील मुलांमध्ये राहू लागले. प्रमाणांचा अभ्यास सोडून ते मुलांकडे गेले असे कोणी म्हणेल, पण ज्याच्यापाशी मूल निर्भयपणे बोलते तो शिक्षक गावातल्या कोणत्याही सर्वेक्षकापेक्षा अधिक जाणू शकतो. तिच्या शाळेत असा शिक्षक किंवा अशी बाई आहे काय, १०९८ हा क्रमांक तिला ठाऊक आहे काय, ठाण्यात गणवेश उतरवून जबाब घेणारी स्त्री अधिकारी नेमलेली आहे काय, तालुक्याला एक तरी प्रशिक्षित समुपदेशक आहे काय, सत्र न्यायालयात तिचा खटला कायद्याने सांगितल्याप्रमाणे वर्षाच्या आत निकालात निघण्याजोगी व्यवस्था आहे काय, एवढ्या गोष्टी आठ वर्षे वाट न पाहता, तिला एकही प्रश्न न विचारता, आजच तपासून लिहून काढता येतील, आणि प्रत्येक तालुक्यासाठी तो तक्ता दरवर्षी प्रसिद्ध व्हावा अशी माझी मागणी आहे.